वाफसा येतो, होत नाही: एका प्रबंधातल्या शब्दांच्या जोड्यांचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी इंग्रजी शिकवते आणि दर गुरुवारी दुपारी दोन तास पीएचडी करणाऱ्या मुलामुलींसाठी बसते. ज्याला हवं त्याने आपलं लिखाण घेऊन यावं, आम्ही ते सोबत वाचतो, बस. हे प्रकरण त्यातल्याच एका विद्यार्थिनीचं आहे. तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

ती मराठवाड्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम, घरी कोरडवाहू शेती आणि रब्बीला हरभरा ठरलेला. बीएस्सी, एमएस्सी इंग्रजीतून झालं पण म्हणजे काय तर नोट्स पाठ करून पेपर लिहिले, स्वतःच्या मनाने सलग चार पानं इंग्रजीत लिहायची वेळ पहिल्यांदा पीएचडीलाच आली. विषय मृदाशास्त्रातला. काळ्या चुनखडीयुक्त जमिनीत हरभऱ्याला स्फुरद (फॉस्फरस) किती द्यावं आणि बियाण्याला स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंची बीजप्रक्रिया केली तर काय फरक पडतो. दोन वर्षं शेतात प्रयोग झालेले, आकडे चोख होते, आणि तोंडी मराठीत ती हे सगळं इतकं सुंदर समजावून सांगायची की मला शेतीतलं ओ की ठो कळत नसताना दहा मिनिटांत सगळं समजलं.

ती आली तेव्हा प्रबंध जमा करायला 24 दिवस उरले होते. त्याआधी लायब्ररीचा रिपोर्ट आला होता, साम्य 27 टक्के, म्हणजे तेवढा मजकूर आधीच्या लिखाणाशी जुळत होता. त्यांच्याकडे यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2018 च्या नियमांप्रमाणे मोजतात, 10 टक्क्यांपर्यंत चालतं, 10 ते 40 मध्ये असाल तर दुरुस्त करून परत द्या, 40 च्या वर गेलात तर एक वर्ष थांबा, आणि 60 च्या वर तर नोंदणीच रद्द. म्हणजे तिचं काही फार भयंकर झालेलं नव्हतं, दुरुस्त करून देता येत होतं. पण तिच्या डोक्यात 'आपण चोर ठरलो' हेच बसलेलं.

अडचण

पण ती माझ्याकडे 27 टक्के घेऊन नव्हती आली, 9 टक्के घेऊन आली होती. गाइड सर म्हणाले होते "भाषा बदल आणि आण", म्हणून तिने अख्खा प्रबंध वाक्य बदलून देणाऱ्या एका ऑनलाइन टूलमधून काढला. टक्के उतरले. ते घेऊन सरांकडे गेली तर सरांनी तिसरं प्रकरण उघडलं, दोन पानं वाचली आणि फाइल मिटून परत दिली, म्हणाले हे मृदाशास्त्र नाहीये.

ती दोन पानं मी पाहिली. जुन्या मसुद्यात वाक्य होतं, "द एक्स्परिमेंट वॉज लेड आउट इन अ रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन विथ थ्री रेप्लिकेशन्स." नवीन मसुद्यात त्याचं झालं होतं, "द ट्रायल वॉज स्प्रेड आउट इन अ हॅपहॅझर्ड स्क्वेअर प्लॅन विथ थ्री रिपीटिंग्ज." रँडमाइज्ड म्हणजे ठरवून, चिठ्ठ्या टाकून केलेली मांडणी, आणि हॅपहॅझर्ड म्हणजे वाट्टेल तशी, म्हणजे अर्थ नुसता बदलला नाही, पार उलटा झाला. 'फील्ड कपॅसिटी' म्हणजे जमिनीची पाणी धरून ठेवायची क्षमता, तिचं 'ग्राउंड ॲबिलिटी'. 'अव्हेलेबल फॉस्फरस'चं 'फ्री फॉस्फरस'. 'स्टॅटिस्टिकली सिग्निफिकंट'चं 'न्यूमरिकली बिग'. तिने वाचलं नव्हतं का? वाचलं होतं, पण तिला वाटलं आपल्यालाच इंग्रजी कळत नाही, टूलला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल. हे वाक्य ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण त्या पानावरचं शास्त्र त्या टूलपेक्षा तिला हजारपट जास्त कळत होतं.

असल्या मोडक्या जोड्यांवर जगभर शोध चालू आहे. 2021 मध्ये कबानाक, लाबे आणि मागाझिनोव या तिघांनी छापून आलेल्या शोधनिबंधांमधून असे प्रकार गोळा केले, 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस', 'ब्रेस्ट कॅन्सर'चं 'बुझम पेरिल'. त्यांनी याला 'टॉर्चर्ड फ्रेजेस' म्हटलंय, छळलेले शब्दसमूह. असा एखादा शब्दसमूह सापडला की अख्ख्या लेखावर संशय येतो. म्हणजे ती टक्के वाचवायला गेली आणि त्याहून मोठ्या संकटाच्या दारात जाऊन उभी राहिली.

मग मी तिचा जुना, 27 टक्केवाला मसुदा मागितला आणि त्यातली बारा पानं प्रिंट काढून आम्ही तीन रंगांची पेनं घेऊन बसलो. एका तासात दिसलं की रिपोर्टने जे सगळं एकाच पिवळ्या रंगात दाखवलंय त्यात तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, विषयाच्या संज्ञा आणि पद्धतीची ठरलेली वाक्यं. ही कोणाच्या मालकीची नसतात. ऑल्सेन पद्धतीने (मातीतलं स्फुरद मोजायची एक ठरलेली पद्धत) स्फुरद काढलं तर ते ऑल्सेन पद्धतीनेच काढलं असं लिहावं लागणार, दुसरं काय लिहिणार. दुसरी, संशोधनाच्या लिखाणात सगळेच वापरतात त्या चौकटी, 'द रिझल्ट्स रिव्हील्ड दॅट', 'धिस माइट बी ड्यू टू'. आणि तिसरी, खरोखर उचललेली वाक्यं, संदर्भ साहित्याच्या प्रकरणात दुसऱ्यांच्या सारांशातून जशीच्या तशी घेतलेली चार-चार ओळींची. ही चूकच होती आणि तसं मी तिला स्पष्ट सांगितलं. तिने मान खाली घातली नाही, म्हणाली "मॅडम, मला वाटलं खाली नाव दिलं की झालं." तिला हे कोणी कधी समजावून सांगितलेलंच नव्हतं.

टूलने या तिन्हींना एकच औषध पाजलं होतं.

वाफशाची गोष्ट

मध्येच एक गोष्ट घडली ती सांगते, कारण पुढचं सगळं काम तिच्यावर उभं राहिलं. जोड्या म्हणजे काय, कोणता शब्द कोणत्या शब्दासोबत येतो, हे मी तिला समजावत होते आणि उदाहरण म्हणून सहज बोलून गेले, "समजा पाऊस पडून गेला, मग वाफसा झाली की तुम्ही पेरता ना?" तिने लगेच मला थांबवलं. "मॅडम, वाफसा 'झाली' नाही म्हणत. वाफसा येतो. नाहीतर जमीन वाफशावर येते." वाफसा म्हणजे जमिनीत पेरणीपुरती योग्य ओल असणं.

मी विचारलं, का? होत का नाही?

तिला सांगता येईना. येतो म्हणजे येतो. मग मी तिलाच विचारत गेले आणि ती भराभर सांगत गेली, पीक फुलोऱ्यात येतं, घाटे लागतात मग घाटे भरतात, खत टाकतात किंवा देतात, फवारणी घेतात, ज्वारी पेरतात पण कपाशी टोकतात, भाकरी थापतात आणि पोळी लाटतात. यातलं एकही तिने पुस्तकात वाचलेलं नाही. लहानपणापासून कानावर पडत पडत शब्दांसोबत त्यांचे सोबतीही आत जाऊन बसले. जे. आर. फर्थ या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञाने 1957 मध्ये हेच म्हटलं होतं की शब्द ओळखायचा तर त्याची संगत बघा. पुढे जॉन सिंक्लेअरने लाखो शब्दांचे इंग्रजी मजकूर कॉम्प्युटरवर तपासून दाखवलं की माणूस बोलताना एकेक सुटा शब्द वेचत नाही, बरंचसं अर्धं तयार जोडकाम उचलतो.

दुसऱ्या भाषेत शिकणाऱ्याची अडचण इथेच असते. शब्द त्याला डिक्शनरीतून एकटा मिळतो, त्याची संगत मिळत नाही. मग ती संगत तो आपल्या भाषेतून आणतो. मराठीत आपण परीक्षा देतो म्हणून 'गिव्ह एक्झाम', लक्ष देतो म्हणून 'गिव्ह अटेन्शन'. नेसेलहाऊफ यांनी जर्मन विद्यार्थ्यांच्या इंग्रजी निबंधांमधल्या क्रियापद आणि नामाच्या जोड्या तपासल्या तर तिथेही हेच दिसलं, चुकांमागे मातृभाषेचा मोठा हात. म्हणजे हा मराठी माध्यमाचा दोष वगैरे अजिबात नाही, चांगलं इंग्रजी येणाऱ्या जर्मन मुलांचंही तेच होतं.

हे ऐकून ती जरा सैल होऊन बसली. रिपोर्ट आल्यापासून पहिल्यांदाच.

समोर कोणते पर्याय होते

एक, टूलवाला 9 टक्क्यांचा मसुदा वरवर दुरुस्त करून द्यायचा. वेळ वाचला असता पण सरांनी आधीच नकार दिलेला, आणि दीडशे पानांत कुठे कुठे काय मोडलंय हे शोधणं नव्याने लिहिण्यापेक्षा कठीण.

दोन, पैसे देऊन बाहेरच्या एडिटरकडून करून घ्यायचं. तिच्या मैत्रिणीने तसं केलं होतं. मी याच्या विरोधात होते आणि आजही आहे, निदान या टप्प्यावर तरी, कारण एक तर तिच्याकडे तेवढे पैसे नव्हते, आणि दुसरं म्हणजे व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, ती वाक्यं तिलाच तोंडाने बोलायची होती.

तीन, जुन्या मसुद्यावर परत जायचं आणि तिन्ही प्रकार वेगवेगळे हाताळायचे. संज्ञांना हात लावायचा नाही, उचललेलं सगळं नव्याने लिहायचं, चौकटी तपासायच्या. कष्ट सगळ्यात जास्त.

चार, मुदतवाढ मागायची. यावर नीट बोलणंच झालं नाही. ती म्हणाली सरांना आवडणार नाही, आणि मी विषय सोडून दिला.

तिसरा ठरला.

काय केलं

आधी लायब्ररी. यूजीसीच्या त्याच नियमांमध्ये लिहिलंय की सर्वसामान्य माहिती किंवा योगायोगाने जुळणारे शब्द, सलग 14 शब्दांपर्यंत, साम्यात धरायचे नाहीत, आणि सर्वसाधारण संज्ञा, प्रमाणित चिन्हं, समीकरणं, संदर्भसूची हेही वगळायचं. वरचं ते 'रँडमाइज्ड ब्लॉक डिझाइन'वालं वाक्य मोजून बघा, इंग्रजीत ते 13 शब्दांचं आहे. म्हणजे ज्या वाक्याची टूलने हाडं मोडली ते नियमाप्रमाणे कधी अडचणीचं नव्हतंच. सरांच्या सहीने अर्ज दिला, लायब्ररीतल्या ताईंनी संदर्भसूची वगळून आणि छोटी साम्यं बाद करून जुना मसुदा परत तपासला. 19 टक्के. एक शब्द न बदलता आठ टक्के गेले.

मग संज्ञांची यादी. तिने एका वहीत साठेक संज्ञा लिहिल्या आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'यांना हात लावायचा नाही'.

उचललेल्या वाक्यांसाठी आम्ही असं केलं की तिने मूळ पेपर वाचायचा, बंद करायचा, मला मराठीत सांगायचा आणि ते फोनवर रेकॉर्ड करायचं. मग रेकॉर्डिंग ऐकत इंग्रजीत लिहायचं. यातून उचलणं शंभर टक्के बंद झालं, कारण डोळ्यासमोर दुसऱ्याचं वाक्यच नव्हतं, आणि कोणाचा निष्कर्ष आपल्या निष्कर्षाशी जुळतो आणि कोणाचा जुळत नाही हेही तिच्या बोलण्यात आपोआप येऊ लागलं, जे आधीच्या मसुद्यात कुठेच नव्हतं. पण मराठीतून आलेलं म्हणून मराठीची क्रियापदंही सोबत आली. 'द क्रॉप वॉज टेकन', 'इरिगेशन वॉज गिव्हन', 'कन्क्लूजन वॉज टेकन आउट'. पीक घेतलं, पाणी दिलं, निष्कर्ष काढला.

इथे मी तिला लाल पेनने दुरुस्त करून देऊ शकले असते, दोन दिवसांत संपलं असतं. त्याऐवजी आम्ही तिच्या विषयातले तीस पेपर टेक्स्ट फाइलमध्ये टाकले आणि ॲन्टकॉन्क नावाच्या प्रोग्रॅममध्ये उघडले. हा जपानच्या वासेदा विद्यापीठातल्या लॉरेन्स अँथनी यांनी बनवलाय, फुकट मिळतो. एखादा शब्द टाकला की तो जिथे जिथे आलाय त्या सगळ्या ओळी एकाखाली एक दिसतात, शब्द मधोमध आणि डावी-उजवीकडे त्याचे सोबती. तिने 'इरिगेशन' टाकलं आणि ओळी वाचत गेली. अप्लाइड, अप्लाइड, शेड्यूल्ड, गिव्हन, अप्लाइड. "मॅडम, गिव्हनपण आहे की!" उघडून बघितलं तर गिव्हनवाले सगळे पेपर भारतातले.

मग हे चूक की बरोबर? यावर आमचं बराच वेळ बोलणं झालं, सरही आले. माझं मत असं की आपल्याकडचे शेकडो शास्त्रज्ञ इतकी वर्षं लिहितायत आणि वाचणाऱ्याला अर्थ लागतोय तर त्याला चूक म्हणायचा हक्क मला नाही. पण 'द क्रॉप वॉज टेकन' वाचून बाहेरच्या माणसाला पीक कोणी चोरून नेलं की काय असं वाटू शकतं, तिथे अर्थालाच धक्का लागतो. म्हणून 'क्रॉप वॉज टेकन' काढलं, 'ग्रोन' केलं. 'इरिगेशन वॉज गिव्हन' प्रबंधात ठेवलं. 'ॲट पार'वरही हाच प्रश्न आला. आपल्याकडच्या कृषी प्रबंधात दोन ट्रीटमेंटमध्ये लक्षणीय फरक नसला की 'ॲट पार' लिहायची रीतच आहे. सर म्हणाले परीक्षक आपल्याकडचेच आहेत, त्यांना हेच अपेक्षित असतं. ठेवलं.

चौकटींचं काम मात्र मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं आणि त्यालाच सगळ्यात कमी वेळ उरला. तिच्या पहिल्या प्रकरणात 'प्लेज ॲन इम्पॉर्टंट रोल' अकरा वेळा होतं. निकालांच्या प्रकरणात जवळजवळ प्रत्येक वाक्यात 'वॉज फाउंड टू बी'. ड्यूरंट आणि श्मिट यांचा 2009 चा एक अभ्यास आहे, त्यात दिसतं की दुसऱ्या भाषेत लिहिणारे लोक सारख्या कानावर पडणाऱ्या जोड्या भरपूर वापरतात पण कमी वेळा येणाऱ्या, एकमेकांना घट्ट चिकटलेल्या जोड्या त्यांच्या लिखाणात कमी सापडतात. सेफ वाटतं तेच परत परत. मला हे अगदी समजतं, अनोळखी गावात माणूस ओळखीच्या एकाच रस्त्याने जातो.

पण 'धिस माइट बी ड्यू टू' नुसतं वारंवार येत होतं म्हणून अडचण नव्हती. ती चौकट दाव्याचं वजन ठरवते. एके ठिकाणी तिने लिहिलेलं की बीजप्रक्रियेने उपलब्ध स्फुरद वाढलं आणि हे कदाचित जिवाणूंमुळे असावं. मी विचारलं, जिवाणू मोजले होते? हो, दर पंधरा दिवसांनी मोजले होते, टेबल आहे. मग 'कदाचित' का? तिच्याकडे उत्तर नव्हतं, सगळे असंच लिहितात म्हणून. आम्ही प्रत्येक 'माइट बी ड्यू टू' शोधला आणि विचारलं, हे तू मोजलंयस की अंदाज आहे? मोजलेलं असेल तिथे 'कदाचित' काढलं आणि आकडा पुढे आणून ठेवला, अंदाज असेल तिथे 'माइट' राहू दिलं. हे करताना एकदा ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "मॅडम, म्हणजे मी माझंच काम कमी करून सांगत होते."

काय झालं

शेवटचा रिपोर्ट 8 टक्के. जमा करायला सहा दिवस उशीर झाला, लेट फी भरावी लागली आणि ती रक्कम तिच्यासाठी छोटी नव्हती.

बाहेरच्या परीक्षकांनी भाषेबद्दल दोनच शेरे मारले, दोन्ही आर्टिकलचे (ए, ॲन, द). व्हायव्हाला पहिल्या प्रश्नाला ती अडखळली. तिने सादरीकरणाची वाक्यं पाठ केली होती आणि प्रश्न त्याबाहेरचा आला, चुनखडी याहूनही जास्त असलेल्या जमिनीत हाच निकाल येईल का. अर्धा मिनिट शांतता. मग तिने एक वाक्य वापरलं जे आम्ही आदल्या आठवड्यात चार-पाच वेळा म्हणून घेतलं होतं, 'आय डिड नॉट मेजर दॅट, बट बेस्ड ऑन माय डेटा', आणि तिथून गाडी सुटली. डोक्याला श्वास घेण्यापुरता वेळ तयार जोडीतून मिळाला.

प्रबंधावरून लिहिलेल्या पेपरचं मात्र इतकं सरळ झालं नाही. बाहेरच्या एका जर्नलला पाठवला तर समीक्षकाने विचारलं, 'ॲट पार' म्हणजे नेमकं काय, फरक नाही की फरक तपासलाच नाही? तिने 'डिड नॉट डिफर सिग्निफिकंटली' केलं, 'इरिगेशन वॉज गिव्हन'चं 'अप्लाइड' केलं, आणि दुसऱ्या फेरीत पेपर स्वीकारला गेला. प्रबंधात ठेवलं ते बरोबर, पेपरमध्ये बदललं तेही बरोबर असं मला वाटतं, पण हे पेपर पाठवण्याआधीच माझ्या लक्षात यायला हवं होतं. वाचणारा बदलला होता.

परत करायचं झालं तर

मुदतवाढ पहिल्याच दिवशी मागायला लावेन. सरांना आवडणार नाही हे तिने सांगितलं आणि मी ऐकून घेतलं, प्रत्यक्षात उशीर झाल्यावर सर काहीच बोलले नाहीत. आधी अर्ज दिला असता तर कदाचित लेट फी वाचली असती आणि चौकटींना अजून एक आठवडा मिळाला असता.

लायब्ररीत आधी जायचं, पेन नंतर उचलायचं. ते 19 टक्के तिला पहिल्याच आठवड्यात कळले असते तर टूलकडे ती वळलीच नसती. पण ही गोष्ट एकट्या तिच्या हातात नव्हती, मशीनचा आकडा वाचायचा कसा हे रिपोर्ट देताना कोणीतरी समोर बसून सांगायला हवं.

तीस पेपर निवडताना मी घाई केली. निम्म्याहून जास्त आपल्याकडचेच होते, त्यामुळे 'ॲट पार' सगळीकडे दिसलं आणि ते जगभर चालतं असं दोघींनाही वाटलं. आता मी दोन वेगळे गठ्ठे करायला सांगते, एक प्रबंधाच्या वाचकासाठी, एक जर्नलच्या.

आणि रेकॉर्डिंगची पद्धत मी पहिल्या वर्षाच्या मुलांसोबत सुरू केलीय, शेवटच्या 24 दिवसांत नाही. सध्या सहा जणं येतात, पेपर वाचतात, बंद करतात आणि मराठीत सांगतात. एक मुलगा अहिराणीत सांगतो, त्याला तेच सोपं जातं.

बाइंडिंग झालेली प्रत बघायला तिने मला दिली तेव्हा चौथ्या प्रकरणातल्या एका टेबलच्या खालच्या बारीक टिपेत 'ग्राउंड ॲबिलिटी' तसंच राहिलेलं सापडलं. टूलच्या मसुद्यातून ते टेबल कधीतरी कॉपी झालं असणार. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंध ठेवायच्या वेबसाइटवर, फाइल चढवायला अजून चार दिवस होते, तिने ते पान बदलून घेतलं.